हात मागे

माझ्या सासूबाईंना माझी नोकरी अजून पटलेली नाही. "एवढी धडधाकट बाई समोर उभी, आणि तो बिचारा शर्टाच्या बटणाशी झुंजतोय! मग तू तिथे जातेस तरी कशाला? बघायला?" असं त्या विचारतात. मी म्हणते, "हो आई, बघायलाच." त्यावर त्या कपाळाला हात लावतात आणि माझ्या नवऱ्याकडे अशा काही बघतात की हिला तूच पसंत केलीस, आता तूच निस्तर.

पण काम खरंच तसं आहे. मी जाते त्या घरात पाच-सहा मोठी माणसं राहतात. कुणाचे पाय चालत नाहीत, कुणाचं बोलणं पटकन कळत नाही, कुणाला एखादी गोष्ट शिकायला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आम्ही मदतनीस पाळीपाळीने तिथे असतो. औषधं, अंघोळी, स्वयंपाक, दवाखाना, बाजार, भांडणं, सगळं बघायचं. पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे घर चालवणाऱ्या बाईंनी, मला तिथला कायदा सांगितला. ज्याला जे येतं ते त्याचं त्याने करायचं. मागेल तेव्हाच मदत. आणि मागितली म्हणून लगेच झेप घ्यायची नाही, आधी विचारायचं, "करून देऊ की सांगू?" तोपर्यंत हात मागे. हे सांगताना त्यांनी माझे दोन्ही हात धरून खरोखरच माझ्या पाठीमागे नेऊन ठेवले, कारण तेवढ्यात मी त्यांच्याच टेबलावरचे कप गोळा करायला लागले होते.

काय सांगू, माझ्यासारखीला ही शिक्षाच आहे. मी जन्माची घाईची. लिफ्टचं बटण कुणी आधीच दाबलेलं असलं तरी मी पुन्हा दाबते. कुणी सुईत दोरा ओवायला लागलं की माझे हात शिवशिवायला लागतात. "अति घाई संकटात नेई" हे नवरा मला उठताबसता ऐकवतो आणि मी ते पूर्ण ऐकूनही घेत नाही. तेव्हा त्या घरात माझं नाव घाईबाई पडलं यात नवल नाही. ते कप्तानाने ठेवलं.

कप्तान पन्नाशीला टेकलेला आहे. त्याला जन्मापासून डाऊन सिंड्रोम आहे. गोल चेहरा, आखूड बोटं, आणि चालणं असं की मागून एखादा ताफा येत असावा. कुठेही जायचं असलं की तो व्हॅनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसतो, मागे वळून सगळ्यांचे पट्टे बघतो आणि "चला" म्हणतो. त्याच्या "चला"शिवाय ड्रायव्हर चावी फिरवत नाही. शर्टाची बटणं तो खालून वर लावतो, म्हणजे शेवटी एक काज उरून फजिती होत नाही. ही युक्ती मी नवऱ्याला शिकवली आहे. आणि मी कधी कायदा विसरून त्याच्या कॉलरकडे हात नेला, की तो मान न वळवता म्हणतो, "घाईबाई, हात!" मी निमूटपणे हात मागे घेते.

त्याचा जिवाभावाचा मित्र वकील. वकील चाकांच्या खुर्चीत असतो. हातपाय त्याचं ऐकत नाहीत, मान ऐकते. खुर्ची तो हनुवटीने चालवतो. बोलायला त्याच्यापुढे एक टॅब बसवलेला आहे. त्यावर तो उजव्या हाताच्या एका बोटाच्या पेराने अक्षरं दाबतो आणि मग टॅबमधला माणूस ती बातम्या वाचल्यासारखी बोलून दाखवतो. रोज लागणारी वाक्यं एका दाबात बोलता यावीत म्हणून त्यासाठी वेगळी बटणं असतात. असा टॅब असणाऱ्या इतरांनी ती "पाणी हवं", "खुर्ची सरळ करा" अशी ठेवली आहेत. याने पहिलंच बटण ठेवलं आहे "माझा आक्षेप आहे". जेवायला काय, बाहेर जायचं की नाही, पंखा किती वर, सगळ्याला आक्षेप. घरातल्या कुणालाही मग त्याला दुसरं नाव सुचलंच नाही.

तर या दोघांनी ठरवलं की आपण वेगळं राहायचं. रस्त्याच्या पलीकडच्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या होत्या. दाराशी उतार, रुंद दारं, कमी उंचीचा ओटा. मोठ्या बाईंनी त्या धडपड करून मिळवल्या होत्या. आमच्यापैकी कुणीतरी सकाळ-संध्याकाळ जाणार, बाकी दिवस त्यांचा. फक्त सोमवारी हो की नाही कळवायचं होतं, नाहीतर खोल्या दुसऱ्या कुणाला जाणार होत्या. वकिलाच्या भावाने फोनवरच हो म्हणून टाकलं. घोडं पेंड खात होतं ते कप्तानाच्या ताईपाशी.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. शिवणकामाचं दुकान आहे तिचं; गळ्यात मोजायची टेप कायम, बहुतेक झोपतानाही. आईवडील गेल्यावर तिनेच कप्तानाला सांभाळलं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा, तेही फार रडून, तिने त्याला आमच्याकडे आणलं. दर रविवारी ती येते आणि दारातूनच तिचे हात कामाला लागतात. कॉलर नीट कर, केस बसव, पोळी मोड, पाण्याचा पेला हातात दे. कुणी "राहू द्या" म्हटलं तर तिचं एकच उत्तर असतं: "असू दे, मी करते."

खरी गंमत पुढेच आहे. आठवडाभर आपल्या बुटांच्या नाड्या आपण बांधणारा हा आमचा कप्तान, ताई आली की खुर्चीवर बसतो आणि पाय पुढे करतो. नाडी त्याने आधीच सोडून ठेवलेली असते. मी एकदा न राहवून विचारलं, "अरे, तुला येतं ना? मग तिला का वाकायला लावतोस?" तो माझ्याकडे असा बघायला लागला की घाईबाईला एवढंही कळू नये. "तिला आवडतं," तो म्हणाला. मी जाऊन उगाच भांडी घासली.

आता ज्या बाईने भावाला नाडी बांधताना एकदाही बघितलेलं नाही, ती त्याला वेगळा संसार मांडू देईल होय? मोठ्या बाईंनी कप्तानाला बाजूला बसवून सांगितलं की निर्णय तुझा आहे, तू म्हणशील तसं. त्याने मान हलवली. "ताई हो म्हणाली तर जाणार. नाही म्हणाली तर नाही. ती रडेल." हे त्याने अगदी शांतपणे सांगितलं. आणि बघायला म्हणून मिळालेली त्या खोल्यांची किल्ली तो उशाखाली घेऊन झोपत होता.

मार्ग वकिलानेच काढला. "पुरावा दाखवा," टॅबमधला माणूस म्हणाला. ठरलं. रविवारी ताईला नव्या खोल्यांवर जेवायला बोलवायचं. चहा, उकडलेली अंडी, भाजलेला पाव आणि टोमॅटोच्या फोडी, सगळं कप्तान करणार. पाय पुढे करणार नाही. मी कोपऱ्यात उभी, हात मागे.

मग जो आठवडा गेला तो गेला! रोज आम्ही रस्ता ओलांडून तालीम करायला जायचो. वकिलाच्या मांडीवर किटली, त्यावर अंड्यांचा ट्रे, आणि पुढे कप्तान हात वर करून गाड्या थांबवतोय. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो हे कळल्यावर तर दोघं चेकाळलेच. कप्तान भिंतीकडे तोंड करून "चला!" ओरडायचा, वकील बटण दाबायचा, आणि चारी भिंतींतून "आक्षेप आहे, आहे, आहे" यायचं. वरच्या मजल्यावरच्या एक बाई खाली येऊन विचारून गेल्या की इथे कोर्ट निघतंय का. अंड्यांना घंटीचं घड्याळ लावायचं आणि घंटी वाजेपर्यंत हात लावायचा नाही, हे कप्तानाने असं काही मनावर घेतलं की तो पातेल्यासमोर खुर्ची टाकून बसायचा. पहिली अंडी फुटली, नंतरची दगड झाली, पुढची जमली. आणि सगळी घरातल्यांनाच संपवावी लागली. शेवटी अंडं म्हटलं तरी वकिलाचं बोट आपोआप आक्षेपाकडे जायचं.

फक्त मोरीचं दार आम्हा सगळ्यांना नडलं. खुर्ची आत जावी म्हणून ते सरकतं केलेलं होतं. बंद होताना लोण्यासारखं बंद व्हायचं, पण उघडायला दांडी आधी वर उचलावी लागायची आणि मग बाजूला सरकवायचं. मी पहिल्याच दिवशी त्याच्यावर खांदा आपटून घेतला. कप्तान आत अडकला तेव्हा थोडा रडलासुद्धा. मी बाहेर उभी राहून माझं पाठ झालेलं म्हणत होते, "घाई नाही. मी इथेच आहे. लागलं तर सांग." त्याने सांगितलं तेव्हा मी विचारलं, "करून देऊ की सांगू?" तो आतून नाक ओढत म्हणाला, "सांग." मग ते दार त्याला असं आलं की दिवसभर तो मोरीत आत-बाहेर करत होता.

रविवारी ताई आली. गळ्यात टेप, हातात पिशवी, आणि चेहरा असा की आली आहे, पण पटवून घ्यायला आलेली नाही. कप्तानाने दार उघडलं, इस्त्रीचा शर्ट, सगळी बटणं जागच्या जागी. "बस, ताई," तो म्हणाला.

ताई कसली बसते! तिने आधी त्याची कॉलर सरळ केली, जी सरळच होती. मग तिला किटली दिसली. "अरे, भाजशील!" किटली तिच्या हातात. कप्तान सुरीकडे गेला तर "अरे, कापेल!" सुरी तिच्या हातात. टोमॅटो चिरले, पाव भाजले, कप मांडले. ती बाई ओट्यासमोर अशी फिरत होती की तिच्या दुकानात सणासुदीची गर्दी उसळली असावी. कप्तान मध्येच उभा होता, हात लोंबत. एकदा त्याने माझ्याकडे बघितलं. मी पाठीमागे एका हाताने दुसरा हात इतका आवळून धरला होता की बोटं बधिर झाली. त्याने काही मागितलं नाही. मी काही करू शकत नव्हते.

"ताई, घंटी," तो म्हणाला. त्याने घड्याळ लावून नुकतीच चढवलेली अंडी ती बाहेर काढत होती.

"घंटीबिंटी कशाला? मला कळतं की. असू दे, मी करते."

आणि मग जे होऊ नये ते झालं. कप्तान मुकाट्याने जाऊन खुर्चीवर बसला. एका बुटाची नाडी धावपळीत सुटली होती. त्याने पाय पुढे केला.

ताईचा चेहरा खुलला. ती गुडघे धरत खाली बसली, नाडीची छान गाठ मारली आणि तिथूनच वर बघत मला म्हणाली, "बघितलंत? साधी नाडी बांधता येत नाही हो त्याला. आणि हा वेगळा राहणार!" मला असा संताप आला, असा आला! तिचा की त्याचा की मोठ्या बाईंच्या कायद्याचा, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

"माझा आक्षेप आहे," टॅब म्हणाला.

"तुझा कशाला नसतो?" ताई उठत म्हणाली. "आणि या बाई नुसत्या उभ्या! मी उद्या मोठ्या बाईंना स्पष्ट सांगणार आहे की..." बोलताबोलता तिने अंडं ओट्यावर टचकन फोडलं, आणि त्यातलं पिवळं-पांढरं सगळं तिच्या बाहीवरून टेपवर, टेपवरून थेट पोटावर उतरलं. अंडं पार कच्चं होतं. "अगं बाई!" म्हणत ती मोरीत पळाली. दार तिच्यामागे लोण्यासारखं बंद झालं, आणि त्याच क्षणी ओट्यावरची घंटी वाजली.

"आता वाजली," कप्तान खाली बघत म्हणाला. "मी थांबलो असतो."

आतून नळाचा आवाज आला. मग नळ बंद झाला. मग दाराला एक धक्का बसला, मग दुसरा.

माझे पाय निघालेसुद्धा. एका हाताचं काम होतं. पण कप्तान माझ्याआधी उठला, दारासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "घाईबाई! हात!" त्याने स्वतःचे हात पाठीमागे घेतले. वकील खुर्ची वळवून त्याच्या शेजारी आला. त्याला हात मागे नेता येत नाहीत, म्हणून त्याने बोट टॅबवरून उचलून मांडीवर ठेवलं. त्याचं हात मागे म्हणजे तेच. मी कप्तानाच्या चेहऱ्याकडे बघितलं. खोडी असती तर मला कळली असती. खोडी नव्हती. त्याची मोठी बहीण दार उघडायचा प्रयत्न करत होती, तिने मदत मागितलेली नव्हती, आणि आपल्या घरात पाहुण्याला मान द्यायचा असतो. मी त्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिले, हात मागे.

"अरे, हे दार!" आतून आवाज आला.

"हो," कप्तान म्हणाला.

"उघडत नाहीये!"

"घाई नाही, ताई. आम्ही इथेच आहोत. लागलं तर सांग."

हे माझं वाक्य होतं, माझ्या त्या गोड आवाजासकट. मी स्वतःची बाही दातात धरली.

धाड. धाड. "बाहेर त्या बाई आहेत ना?"

"आहे मी," मी बाही सोडून म्हणाले.

"मदत हवी का, ताई?" कप्तानाने विचारलं.

"मदत कसली? साधं दार आहे. असू दे, मी करते!"

कप्तानाने आमच्याकडे वळून समाधानाने मान हलवली. "ती करतेय," तो हळूच म्हणाला.

आणि आम्ही उभे राहिलो. आत ती ढकलतेय, ओढतेय, दाराला नावं ठेवतेय, सुताराच्या सात पिढ्यांचा उद्धार करतेय. बाहेर आम्ही तिघं, पाहुण्यांचं स्वागत करायला उभे असल्यासारखे. मला हसू आवरेना. आतून "ओढायचं की ढकलायचं तेही कुणी लिहीत नाहीत मेले!" आलं आणि वकिलाचे खांदे हलायला लागले. खांदे हलले की त्याचा हात उडतो. हात उडाला आणि टॅबवर पडला.

"माझा आक्षेप आहे," टॅबमधला माणूस शांतपणे म्हणाला.

आतले धक्के थांबले. मग ताईचा आवाज आला, "आता याचा कशाला आक्षेप रे?" आणि पाठोपाठ एक फुस्स आवाज, आणि मग ती हसायलाच लागली. मी त्या बाईला इतक्या वर्षांत हसताना ऐकलं नव्हतं. बारीक, चिवचिवतं हसू होतं, मोरीच्या फरशांवर आपटून दुप्पट होत होतं. मग काय, बाहेर आमचा बांधच फुटला. मी भिंत धरून खाली बसले, वकिलाच्या डोळ्यांतून पाणी, त्याचा हात पुन्हा पुन्हा त्या बटणावर, "माझा आक्षेप आहे, माझा आक्षेप आहे", आणि आतून ताई ओरडतेय, "बंद करा रे तो मेला रेडिओ!" कप्तानसुद्धा हसत होता, पण हात मागेच होते.

हसू हळूहळू ओसरलं. मग ताई म्हणाली, अगदी लहान आवाजात, "मला नाही येत रे हे."

कप्तान पुढे झाला. त्याने गाल दाराला लावला. "मदत हवी?"

"हवी."

"करून देऊ की सांगू?"

मी तो प्रश्न दिवसातून किती वेळा विचारते देव जाणे, पण दाराच्या त्या बाजूने तो कसा ऐकू येतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी मनातल्या मनात ताईला म्हणत होते, सांग म्हण, बाई, सांग म्हण. घाई माझी सुटत नाही ती नाहीच.

"सांग," ताई म्हणाली.

"दांडी वर. मग बाजूला. ढकलायचं नाही."

धाड.

"ढकललंस. आधी वर."

"हं."

"आता बाजूला."

दार सरकलं. आत ताई उभी होती, पुढून भिजलेली, टेप वाकडी, केस विस्कटलेले, डोळे लाल. ते हसून की रडून, मी विचारलं नाही. "तुम्ही तिघंही इथेच उभे होतात?" ती म्हणाली.

"इथेच," कप्तान म्हणाला. "मला पण पहिल्यांदा नव्हतं आलं. मी रडलो होतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो म्हणाला, "बस, ताई."

आणि ताई बसली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली, कारण तिलाही स्वतःच्या हातांचा भरवसा नव्हता. कप्तानाने नवी अंडी पातेल्यात सोडली, घड्याळ लावलं, समोर खुर्ची टाकली. आम्ही सगळे घंटीची वाट बघत बसलो. खरं सांगते, मी लग्नातही एवढी उतावीळ झाले नव्हते. घंटी वाजली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. अंडी झकास झाली होती. ताईने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." कप्तानाने बरणी दाखवली. "आपला हात जगन्नाथ," टॅब म्हणाला. ताईने उठून मीठ घेतलं आणि वकिलाला एक लटका धपाटा दिला.

मग तिने विचारायला सुरुवात केली. आता ती खरंच विचारत होती. "रात्री भीती वाटली तर?"

"वकील आहे."

"ताप आला तर?"

"फोन करीन."

"मला?"

"आधी घाईबाईंना," कप्तान म्हणाला. "त्या जवळ आहेत. मग तुला."

ताटलीतलं टरफल बोटाने गोळा करत ताई म्हणाली, "मग मी काय करू रे? मी रविवारी कशाला येऊ?"

बोलायची फार इच्छा झाली, पण मला कुणी विचारलं नव्हतं. कप्तानाने खोलीभर नजर फिरवली. "पडदे नाहीत," तो म्हणाला.

ताईचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. "माप घेऊ?" तिने विचारलं.

"घे."

तिने दोन्ही खिडक्यांची मापं घेतली. कापड कुठलं यावर वकिलाने आक्षेप घेतला, तिने तो फेटाळला, त्याने पुन्हा घेतला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसंच आहे दोघांचं. निघताना ती दारात मला म्हणाली, "उद्या मला दुकान आहे. मोठ्या बाईंना तुम्हीच सांगा."

"काय सांगू?" मी विचारलं. माझा जीव टांगणीला लागला होता.

ती उत्तर देणार तेवढ्यात कप्तान तिला बसपर्यंत सोडायला म्हणून बूट घेऊन आला. मघाशी जेवायला बसताना काढून ठेवलेले बूट, दोन्ही नाड्या सुटलेल्या. तो खुर्चीवर बसला. ताईचे गुडघे आपोआप वाकले. मग ती सरळ झाली आणि तिने हात मागे घेतले.

कप्तानाने बूट घातला. नाडीची दोन टोकं धरली. पहिला फास झाला. दुसरा निसटला. त्याने पुन्हा सुरुवात केली, जिभेचं टोक बाहेर, आखूड बोटं नाडीभोवती हळूहळू फिरताहेत. पुन्हा निसटला. शेजारी ताईचा श्वास अडकलेला मला ऐकू येत होता. मला ठाऊक होतं तिला आत काय होतंय, माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी पाठीमागेच हात चाचपला, तिचा हात सापडला, तो तिने असा काही धरला की माझी अंगठी रुतली. आम्ही दोघी अशा उभ्या राहिलो. गाठ बसली. जराशी वाकडी होती, पण बसली.

"हो सांगा," ताई त्या बुटाकडे बघत म्हणाली. "मोठ्या बाईंना हो म्हणून सांगा."

मी किंचाळले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी उघडली. वकिलाने खाली मान घातली आणि एकेक अक्षर शोधून दाबायला लागला, कारण या वाक्याचं बटणच त्याच्याकडे नव्हतं. आम्ही सगळे थांबलो. "माझा आक्षेप नाही," टॅब अखेर म्हणाला.

कप्तान मात्र अजून खुर्चीवरच बसला होता. त्याने दुसरा पाय पुढे केला.

"हा तुझा," तो ताईला म्हणाला.

ताईने माझा हात सोडला. पण वाकली नाही. तिने अगदी गंभीर चेहरा केला आणि विचारलं, "करून देऊ की सांगू?"

कप्तानाने नीट विचार केला.

"करून दे," तो म्हणाला. "मला आवडतं."